पंचवीस टक्के उजेड

ऋतुजानं मोबाईल मृण्मयीपुढे धरला आणि म्हणाली, "मॅडम, हे बघा की. पट्टे पळू लागलेत." मृण्मयीनं आधी मोबाईलमध्ये पाहिलं आणि मग तो ज्या स्क्रीनवर रोखला होता तिच्याकडे. स्क्रीन शांत होती. पांढऱ्या पानावर भौतिकशास्त्राचा एक प्रश्न, शेजारी आकृती, खाली चार पर्याय. मोबाईलमध्येही तेच पान होतं, पण त्याच्यावरून काळसर आडवे पट्टे खालून वर सरकत होते, संथपणे, एक गेला की दुसरा. आकृती बरोबर आहे का हे विचारायला ऋतुजाला प्रश्न काढणाऱ्या सरांना फोटो पाठवायचा होता, एवढंच. तिला वाटलं मोबाईल बिघडला. "शिल्पाच्या मोबाईलनं बी बघितलं, तसंच येतंय." मृण्मयी म्हणाली, "असू दे, जवळून घे," आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली.

ते पट्टे तिच्या ओळखीचे होते. नांदेडला वजिराबादेत अण्णांचं कंपोझिंगचं दुकान होतं. अण्णा म्हणजे रेणुकादास बिलोलीकर, तिचे वडील, ज्यांना जाऊन आता चार महिने झाले. हिमायतनगरपासून बिलोलीपर्यंतच्या लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवृत्त मास्तरांची आत्मचरित्रं, सगळं त्या एका जाडजूड पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर जुळवलं जायचं. ती आठवीत असताना टीव्हीवरच्या बातम्यांत कुठलं तरी ऑफिस दाखवत होते आणि तिथल्या कॉम्प्युटरांवरून असेच पट्टे लोळत होते. तिनं विचारलं, ह्यांचे सगळेच मॉनिटर खराब आहेत का. अण्णा जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेऐवजी दुकानात नेलं. मॉनिटरवर कोरं पान उघडलं आणि म्हणाले, "ह्याच्याकडे बघू नको. बाजूच्या भिंतीकडे बघ." तिनं भिंतीकडे पाहिलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात ते पान फडफडायला लागलं. सरळ पाहिलं की स्थिर, नजर काढली की फडफड. अण्णांनी सांगितलं की ही काच सलग पेटलेली नसते, ती सेकंदाला साठ वेळा नव्यानं पेटते आणि मधे विझत जाते. "डोळा फसतो. पण डोळ्याच्या मागं जे हाय ते फसत न्हाई. ते दमतं." मग त्यांनी मॉनिटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत बघून साठाचे पंच्याऐंशी केले, खालचं चाक फिरवून उजेड कमी केला, आणि पुन्हा तिला भिंतीकडे बघायला लावलं. फडफड थांबली होती. शाळा बुडाल्याची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली, कारण म्हणून 'प्रयोग' असं लिहिलं, आणि बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून कसला प्रयोग ते विचारलं, तेव्हा तिनं तो सगळा सांगितला होता, पाय न हलवता, अण्णांच्याच शब्दांत. असा अभिमान पुन्हा फारसा वाट्याला आला नाही. येत गेला तो बारीक बारीक, आणि बहुतेक अण्णांचाच.

कारण अण्णांचं सगळंच तसं होतं. त्या काळी मॉनिटरपुढे काळसर काच लावायची पद्धत होती. डोळे वाचतात म्हणून दुकानदार ती गळ्यात मारायचे आणि लोक देव्हाऱ्यासारखी पुसायचे. अण्णांनी दोन काचा आणल्या. पंधरा दिवस काच लावून काम केलं, पंधरा दिवस काढून, आणि रोज कितीच्या सुमाराला डोळ्यांतून पाणी यायला लागतं ते लिहून ठेवलं. शेवटी ठरलं की काच नुसती पाठीमागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब अडवते, बाकी काही करत नाही. तेव्हा त्यांनी काच काढली आणि ट्यूबलाइटच दुसऱ्या भिंतीवर ठोकली. आईनं त्या काचा माळवदावर पापडांवर झाकायला घेतल्या, माशा बसू नयेत म्हणून, आणि काचेच्या सावलीत पापड चार दिवस ओलेच राहिले. आई अजून ते ऐकवते. आई म्हणजे गोदावरी, जिला अण्णा प्रत्येक नव्या मॉनिटरपुढे बसवून बारीक अक्षरं वाचायला लावायचे आणि हातातल्या घड्याळाकडे बघत राहायचे. "लोकांचे नवरे बायकोला सिनेमा दाखवतात," ती आल्यागेल्याला सांगायची, "आमचे पांढरा पडदा दाखवतात. इंटरव्हल बी न्हाई."

लातूरच्या ह्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पाच स्क्रीन होत्या. प्रवेश परीक्षांचे सराव प्रश्नसंच इथं जुळवले जायचे आणि सगळ्या शहरातल्या क्लासांमधून वाटले जायचे. कंपोझिंगची जबाबदारी मृण्मयीची. आठ महिन्यांपूर्वी नवे मॉनिटर आले, वहीच्या पुठ्ठ्याएवढे पातळ. पहिल्याच दिवशी तिनं पाचही मॉनिटरांचा ब्राइटनेस पंचवीसवर आणला आणि बटणाशेजारी कागदाची चिकटपट्टी लावली: बदलू नये. मुलींनी कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, माझ्या वडिलांचा नियम आहे, त्यांनी तीस वर्षं ह्या कामात काढली आणि सत्तरीतसुद्धा चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचायचे. मुलींनी ते कौतुकानं ऐकलं. खिडक्यांना जाड पडदे लावले, दिवसाही खोलीत संध्याकाळ असायची, आणि बाहेरून आलेला माणूस म्हणायचा, वा, किती शांत वाटतं इथं. अण्णा गेल्यावर ती हा नियम जास्तच सांगायला लागली. तेराव्यानंतर ती कामावर आली त्या दिवशी कुणी न विचारता तिनं पाचही आकडे तपासले होते. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. जगात अण्णांचं काहीतरी जसंच्या तसं चालू होतं. त्या पाच आकड्यांवर हात ठेवून तिनं ते चार महिने काढले होते, असं म्हटलं तरी चालेल.

आणि ऋतुजाचं डोकं दुखत होतं. ऋतुजा निलंग्याची, तीन वर्षांपूर्वी आलेली, आणि समीकरणं जुळवण्यात तिच्यासारखी मुलगी मृण्मयीनं पाहिली नव्हती. अपूर्णांकाची रेघ केसभर खाली गेली तरी तिला ते दातात खडा आल्यासारखं व्हायचं. नव्या मॉनिटरांनंतर मात्र दुपारी तीनच्या पुढे ती दोन बोटांनी भुवया दाबायला लागली. तिनं दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला. मृण्मयी तिला म्हणाली होती, रात्री मोबाईल कमी बघ, लवकर झोपत जा. ऋतुजा मान खाली घालून 'हाव मॅडम' म्हणाली होती. मृण्मयीला स्वतःला काही होत नव्हतं, शिल्पालाही नव्हतं, बाकीच्या दोघींना नव्हतं, तेव्हा मोबाईलच असणार. मग एका संचात दशांशचिन्ह राहिलं, पुढच्यात उणे चिन्ह, आणि दोन्ही तशीच छापून गेली. शुद्धिपत्रं चिकटवत सगळी खोली दोन दिवस बसली होती. आज सकाळी गुरुबसप्पाकाका, म्हणजे मालक, वर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, सोमवारपासून त्या पोरीला खाली पार्सलला बसवू. डोळ्याला आराम पडंल." ते चिडून म्हणाले असते तर वाद घालता आला असता. मृण्मयी 'हो' म्हणाली. ऋतुजा चार हातांवर होती, तिनं ऐकलं होतं. पार्सलला बसली तर ती दिवाळीपर्यंतही थांबणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. तिचे वडील आठवड्याला फोन करून सांगत होते की डोळे घालवून कामून करायची असली नोकरी, ये घरी. तरी ती आज शेवटच्या दिवशी आकृती बरोबर आहे का ते विचारत बसली होती.

दुपारी मुली डबे घेऊन गच्चीच्या जिन्यात गेल्या. मृण्मयी ऋतुजाच्या जागेवर येऊन बसली. तिनं कोरं पान उघडलं, टेबलावरची पेन्सिल उचलली आणि स्क्रीनपुढे ती पंख्यासारखी झपाझप हलवली. हे अण्णांनीच शिकवलं होतं. उजेड सलग असला तर पेन्सिलीचा एकच पुसट फराटा दिसतो. उजेड मधूनमधून विझत असला तर फराटा तुटतो आणि एका पेन्सिलीच्या दहा पेन्सिली होतात. दहा झाल्या. वेगवेगळ्या, मोजता येतील अशा. तिनं चिकटपट्टी नखानं काढली आणि ब्राइटनेस वाढवत नेला. तीसला पेन्सिली जवळ आल्या, पस्तीसला आणखी, चाळीसच्या पुढे एकदम मिटून त्यांचा एक फराटा झाला. तिनं परत पंचवीस केलं. दहा पेन्सिली. मोबाईल धरला. पट्टे. पन्नास केलं. पट्टे नाहीत. तिनं हे इतक्या वेळा केलं की हात दुखायला लागला. गोष्ट साधी होती आणि तिला ती लगेच समजली, समजायला नको होती तरी. ह्या मॉनिटरांच्या पाठीमागे बारीक दिवे असतात. उजेड फार कमी मागितला की ते मंद होत नाहीत, ते सेकंदाला शेकडो वेळा विझून पेटतात. जितका उजेड कमी, तितका विझण्याचा वेळ जास्त. पिक्चर ट्यूबवर ज्यानं फडफड दबायची, त्यानंच इथं ती सुरू व्हायची. बहुतेकांना ते जाणवत नाही. एखादीला जाणवतं. जिला केसभर रेघसुद्धा जाणवते, तिला.

म्हणजे आठ महिने ही मुलगी एका विझत्या दिव्यापुढे बसली होती आणि तो दिवा मी विझवत होते. हे वाक्य तिच्या मनात इतकं नीट आलं की तिला त्याचाच राग आला. मग त्याच्या मागोमाग दुसरं आलं, जे तिला नको होतं: अण्णा चुकले. चार महिने लोक येऊन बोलून गेले होते, फार सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि ती मनात म्हणत होती, तुम्हाला माहीत नाही, सज्जन तर पुष्कळ असतात, हा माणूस खरं काय ते बघायचा. बाकी सगळं जाऊ दे, एवढं एक तिनं धरून ठेवलं होतं. स्मशानातून आल्यावर आंघोळ करताना, गाडीत परत येताना, अहमदपूरचा फाटाही न दिसता खिडकीला डोकं टेकून बसलेली असताना, एवढंच. आणि आता त्यांच्या सांगण्याखाली एक मुलगी दोन बोटांनी भुवया दाबत बसलेली. तिनं आईला फोन लावला. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं.

"जेवलीस का?" आईनं विचारलं.

"जेवले," ती म्हणाली. ती जेवली नव्हती. "आई, अण्णांचा शेवटचा मॉनिटर होता ना घरी, त्याचा उजेड किती असायचा?"

"त्या मॉनिटरपायी तर बेजार केलं होतं मला. लख्ख असायचा. मी म्हटलं, जन्मभर लोकांना कमी करा, कमी करा सांगत आलात, आता म्हातारपणी ही कसली दिवाळी. तर म्हणाले, तो नियम त्या डब्याचा होता, गोदावरी, हा डबा निराळा हाय. मग खिडकी उघडली, भिंतीवर दिवा लावला, मॉनिटर आन् भिंत एकसारखी उजळ पाहिजे म्हणाले. चुना बी मलाच लावायला सांगितला."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली तीन वर्षं. तुला सांगितलं की फोनवर. चांगलं अर्धा तास सांगू लागले होते. मीच मधून म्हटलं, पोरीला कामं असतील, ठेवा आता. हात थरथरायचा ना त्यांचा तेव्हा. थरथरत्या हातानं खरं कळत न्हाई म्हणून पेन्सिल मला हलवायला लावायचे. मी आपली हलवू लागले. शेजारच्या नीलाबाईनं खिडकीतून बघितलं, तिला वाटलं मी आरतीच करू लागले कॉम्प्युटरची."

मृण्मयी हसली. आई पण हसली. मग आईनं विचारलं, "कामून विचारू लागलीस?" ती म्हणाली, सहजच. "रडू लागलीस का?" नाही म्हणाली, आणि ते खरं होतं.

तो रविवार तिला आठवला. पूर्ण नाही, पण पुरेसा. मोबाईल ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला, स्पीकर चालू, आणि ती मेथी निवडत होती. अण्णांचा आवाज येत होता, मधेच श्वास घेत, मधेच एखादा आकडा दोनदा सांगत. ती 'हो का' म्हणत होती, योग्य जागी, न चुकता. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. किती स्वच्छ निवडली होती ती मेथी. अण्णांना कळलं असेल का, की पलीकडे कुणी ऐकत नाही? कळलंच असेल. तरी अर्धा तास सांगत राहिले, कारण त्यांना वाटलं असेल की ऐकणं जाऊ दे, कानावर तर पडेल, पोरगी त्याच कामात आहे. ती लग्न होऊन लातूरला आली तेव्हाचे, वीस वर्षांपूर्वीचे अण्णा तिनं जपून ठेवले होते, आणि खरे अण्णा इकडे पुढे चालत गेले होते, थरथरत्या हातानं आपलंच म्हणणं तपासत, खोडत, आईला चुना लावायला सांगत. चुकले नव्हते ते. चुकणं त्यांनी तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त केलं होतं आणि दुरुस्तीची बातमी वेळेवर कळवलीही होती. तिला वाटलं होतं आता छातीत काहीतरी तुटेल. तुटलं नाही. उलट काहीतरी ताठ झालं, पाठीच्या कण्याजवळ, आठवीत वर्गासमोर उभी होती तेव्हा झालं होतं तसं.

ती खाली गेली आणि काकांना म्हणाली, वर चला, दाखवायचंय. काका चहाचा कप हातात घेऊनच आले. जिन्यातून मुलीही उठून आत आल्या, डबे हातात, कुणाचा घास अजून तोंडात. तिनं पेन्सिल हलवून दाखवली, आकडा बदलून दाखवला, मोबाईल धरून दाखवला. काकांनी स्वतः पेन्सिल घेतली. पहिल्यांदा चहा सांडला, दुसऱ्यांदा त्यांना दहा पेन्सिली दिसल्या. "आयला," ते म्हणाले. "म्हणजे मशीनचा दोष."

"मशीनचा थोडा. पण मशीन पंचवीसवर मी ठेवलं होतं, काका. पाचही. ऋतुजाचं डोकं त्यानंच दुखत असणार. त्या दोन चुका तिच्या नव्हेत. तिला खाली घेऊ नका."

काकांनी कप टेबलावर ठेवला आणि आवाज पुन्हा सकाळसारखा मऊ केला. "तो तर तुमच्या वडिलांचा नियम ना, ताई. जुनं माणूस. त्यांच्या काळाला बरोबर होतं. गेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार हाय? तुम्ही कशाला अंगावर घेता?"

सुटकेचं दार उघडं होतं. तिथून कुणालाही न लागता बाहेर पडता आलं असतं. मुली सहानुभूतीनं बघत होत्या, शिल्पानं तर मान हलवायला सुरुवातही केली होती. आणि अण्णा कुठूनही येऊन काही म्हणणार नव्हते.

"न्हाई काका," मृण्मयी म्हणाली. "अण्णांनी हा नियम तीन वर्षांपूर्वी मोडला. नवा मॉनिटर घेतला, पेन्सिल हलवून बघितली आणि मोडला. मला फोन करून सांगितलं. मी ऐकलं न्हाई. हा नियम माझा होता." तिचा आवाज थोडा मोठा झाला होता. मग ती ऋतुजाकडे वळली. "आणि तुला मी मोबाईल कमी बघ म्हणाले, तेही चुकलं माझं."

ऋतुजानं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "मोबाईल बघतेच की मी, मॅडम," ती म्हणाली. शिल्पा फस्सकन हसली.

काकांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "म्हणजे सोमवारी पोरगी इथंच?"

"इथंच. पुढच्या दोन संचांचं शेवटचं वाचन मी तिच्या शेजारी बसून करते. चूक गेली तर मला खाली बसवा."

"तुम्हाला पार्सल बांधता तरी येतं का?" काका म्हणाले, आणि कप घेऊन गेले.

तिनं खिडक्यांचे पडदे बाजूला सारले. आठ महिन्यांत पहिल्यांदा खोलीत दुपार आली. टेबलांवरची धूळ दिसली, भिंतीवरचे ओघळ दिसले, सगळ्याजणी एकमेकींना थोड्या परक्या दिसल्या. ऋतुजा बटणावर बोट ठेवून थांबली होती. "किती ठेवू मॅडम?"

मृण्मयीच्या तोंडात आकडा तयार होता. पन्नास. तो तिनं गिळला. "मला काय माहीत? तुझे डोळे. तू बघ आणि मला सांग."

ऋतुजानं वाढवलं, कमी केलं, भिंतीकडे पाहिलं, परत पानाकडे. "साठ," ती म्हणाली. मग, "न्हाई, साठ लई होतंय. चोपन्न." पलीकडून शिल्पा म्हणाली, "माझं पंचवीसच राहू द्या की मॅडम, मला त्यानं काहीबी होत न्हाई." मृण्मयी म्हणाली, "राहू दे." तिसरीनं सत्तर केलं आणि आपलं ते सगळ्यांत छान म्हणून दोघींना बोलावून दाखवलं. डोकं दुखायचं राहिलं का असं मृण्मयीनं ऋतुजाला विचारलं, तर ती म्हणाली, "एवढ्यात कसं राहील? दुखायलंय अजून." तिनं ते सरळ सांगितलं, 'हाव मॅडम' न म्हणता, आणि मृण्मयीला ते उत्तर इतकं आवडलं की तिनं मान फिरवली.

"आन् मॅडम," ऋतुजा थोड्या वेळानं म्हणाली, "खिडकी उघडली तर आता तिचं पांढरं माझ्या स्क्रीनवर येऊ लागलंय. टेबल आडवं करू का?"

"कर."

टेबल जड होतं. फरशीवर त्याचे पाय किंचाळले आणि खालून काकांनी ओरडून विचारलं, काय पाडू लागलात. मृण्मयीनं ओढणी खांद्यावरून कमरेला बांधली आणि टेबलाचं दुसरं टोक धरलं.